डाग नसलेल्या सूर्याची वादळं

इंदुरात दुर्बिणीला फिल्टर लावून सूर्य पाहणाऱ्या हौशी मंडळींची सौरचक्राच्या (सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढून पुन्हा ओसरण्याच्या चक्राच्या) उताराला एकच कुरकुर असते: डागच नाहीत, बघायचं काय? 2008 साली तर वर्षातले 266 दिवस सूर्याची तबकडी कोरी होती.

पण त्याच वर्षी सूर्याकडून वेगवान सौरवारा, म्हणजे विद्युतभारित कणांचा ओघ, पृथ्वीवर पुन्हा पुन्हा येऊन आदळत होता. 1996 च्या नीचांकाच्या काळात डाग 2008 पेक्षा जास्त होते, वाऱ्याचे झोत मात्र दुबळे. पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या किरणोत्सर्गी पट्ट्यातले अतिवेगवान इलेक्ट्रॉन 2008 मध्ये 1996 च्या तिपटीहून अधिक होते. आता डागांवरून काय ताडायचं?

हा वारा डागांतून येतच नाही. सूर्याच्या बाह्य वातावरणात, म्हणजे कोरोनात, काही ठिकाणी चुंबकीय रेषा सूर्याकडे परत न वळता थेट अवकाशात गेलेल्या असतात. तिथून वायू बिनअडथळा निसटतो. क्ष-किरणांच्या छायाचित्रात ही जागा काळी दिसते, म्हणून तिचं नाव कोरोनल होल, म्हणजे कोरोनातलं विवर. साध्या प्रकाशात तिथे काहीच दिसत नाही. नेहमीचा मंद वारा सेकंदाला 300-400 किलोमीटरने वाहतो, इथला 700 च्या पुढेही जातो आणि दोन-तीन दिवसांत पृथ्वी गाठतो.

सूर्य फिरतो, विवर त्याच्यासोबत फिरतं आणि बागेतल्या गरगरत्या फवाऱ्यासारखा तो झोत साधारण 27 दिवसांनी पुन्हा आपल्यावर येतो. पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळांचा हा 27 दिवसांचा ठेका शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होता. 1932 मध्ये जर्मनीच्या यूलियस बार्टेल्स यांनी ही वादळं उठवणाऱ्या सूर्यावरच्या अज्ञात जागांना 'एम प्रदेश' म्हटलं. तिथे डाग सापडेनात! उलगडा व्हायला 1970 चं दशक उजाडलं.

झोतांची ही वादळं 1859 च्या महावादळासारखी नसतात. तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतही मोठी उलथापालथ नोंदली गेली होती. हे झोत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काही दहा नॅनोटेस्लांनी (हे त्याच्या मोजमापाचं एकक) हलवतात, आणि इंदुरात ते चाळीस हजारांहून अधिक आहे. होकायंत्राला पत्ताही लागायचा नाही. त्रास होतो तो उपग्रहांना. झोत अनेक दिवस टिकतो, इलेक्ट्रॉन साचत जातात आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांत विद्युतभार जमतो. माझ्या मते एका दणक्याच्या वादळापेक्षा ही चिकाटी उपग्रह सांभाळणाऱ्यांना जास्त छळत असावी.

अखेर 2009 मध्ये झोतही मंदावले आणि भूचुंबकीय हालचाल विक्रमी नीचांकाला गेली. म्हणजे पृथ्वीची शांतता डागांच्या नीचांकामागून आली.

चालू चक्राचा कळस 2024 मध्ये होऊन गेला. उताराच्या वर्षांत विवरं ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे पसरतात आणि त्यांचे झोत पृथ्वीच्या वाटेत येतात. शेजारच्या अहमदाबादेतल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत घडलेलं 'ॲस्पेक्स' हे उपकरण इस्रोच्या आदित्य-एल1 या यानावरून हाच वारा मोजतंय. हौशी मंडळींनी यंदा झोताची एक तारीख कॅलेंडरवर टिपावी आणि 27 दिवस पुढे मोजावेत.