हौशी उड्डाण, ऑस्ट्रेलियातील

ऑस्ट्रेलियात पोटापाण्यासाठी नव्हे, तर उडण्याच्या आनंदासाठी जी हलकी विमाने, ग्लायडर (बिनइंजिनाची विमाने), हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडर उडवली जातात, त्या साऱ्याला मिळून हौशी उड्डाण म्हणतात. या नोंदीचा भर इंजिनाच्या छोट्या विमानांवर आणि ती चालवणाऱ्यांच्या अडचणींवर आहे. हवाई सुरक्षेचा अंतिम अधिकार 1995 मध्ये स्थापन झालेल्या नागरी हवाई सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कासा’कडे असला, तरी हौशी उड्डाणाचा रोजचा कारभार उडवणाऱ्यांच्याच संघटना पाहतात. प्रमाणपत्रे देणे, विमानांची नोंदणी ठेवणे, प्रशिक्षक तयार करणे ही कामे त्यांची. छोट्या विमानांसाठी ‘रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया’ ही संघटना आहे. तिला तिथले लोक ‘आरए-ऑस’ म्हणतात. ग्लायडरवाल्यांची स्वतंत्र संघटना 1949 पासून आहे.

उडण्याचे वेड या देशात जुने आहे. सिडनीच्या दक्षिणेला स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर 12 नोव्हेंबर 1894 रोजी लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी पेटीच्या आकाराचे चार पतंग एकाखाली एक बांधले आणि वाऱ्याच्या जोरावर स्वतःला सुमारे 16 फूट उचलून घेतले. आपल्या शोधांचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ते सर्वांना खुले असावेत असे त्यांना वाटे. पुढे 20 डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. त्याच किनाऱ्यावरच्या बाल्ड हिलवरून आज हँग ग्लायडर झेपावतात. आधुनिक हँग ग्लायडरही ऑस्ट्रेलियातलाच. जॉन डिकन्सन यांनी तो 1963 मध्ये न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन येथे बनवला आणि क्लॅरेन्स नदीवर मोटारबोटीने ओढून उडवला गेला.

हलक्या विमानांची खरी चळवळ मात्र 1970 च्या दशकात उभी राहिली. रॉन व्हीलर यांनी सिडनीत ‘स्काउट’ नावाचे एक आसनी विमान तयार केले. नळ्या, कापड आणि लहानसे इंजिन एवढाच त्याचा पसारा. अशा यंत्राला कोणत्या नियमात बसवायचे हा प्रश्न पडल्यावर 1976 मध्ये ‘95.10’ क्रमांकाचा आदेश निघाला. या विमानांना वैमानिकाचा परवाना लागणार नाही, पण जमिनीपासून 300 फुटांच्या वर जायचे नाही, रस्ते आणि वस्ती टाळायची आणि विमानात माणूस एकच असायचा, असा तो सौदा होता. दुसऱ्या कोणाला इजा होऊ नये, उडवणाऱ्याने स्वतःचे काय ते पाहावे, हा त्यामागचा विचार. कागदावर तो वाजवी दिसतो, हवेत मात्र नेमका उलटा पडला. वैमानिकाला उंची म्हणजे वेळ असतो. इंजिन बंद पडले तर शेत निवडायला, विमानाचा तोल गेला तर सावरायला उंचीच उपयोगी पडते. 300 फुटांवर यातले काहीच हाताशी नसते. त्यात विमान एक आसनी, म्हणजे शेजारी बसून शिकवणारा कोणी नाही. पहिले उड्डाण तेच पहिले एकट्याचे उड्डाण. या काळात माणसे दगावली, आणि त्यातले बरेच अपघात बेफिकिरीपेक्षा न शिकल्यामुळे झाले.

यावरचा उपाय उडवणाऱ्यांनीच मागून घेतला. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियन अल्ट्रालाइट (म्हणजे अतिहलक्या विमानांचे) फेडरेशन स्थापन झाले. त्या दशकाच्या मध्यापासून दोन आसनी विमानांत शिकवण्यास परवानगी मिळाली, उंचीची मर्यादा सैल होत गेली, आणि त्या बदल्यात शिक्षणाची सक्ती आली. हेच फेडरेशन पुढे आरए-ऑस झाले. प्रत्येक मोकळीक काहीतरी जबाबदारी अंगावर घेऊन मिळवायची, हा या चळवळीचा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे.

आज आरए-ऑसचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी किमान 20 तासांचे उड्डाण लागते. त्यातले 15 तास प्रशिक्षकासोबत आणि 5 तास एकट्याने. त्यानंतरही दूरच्या प्रवासाचे वेगळे शिक्षण घेतल्याशिवाय निघालेल्या ठिकाणापासून 25 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 46 किलोमीटरपलीकडे जाता येत नाही. विमानाचे वजन माणसे, इंधन, सामान धरून बराच काळ 600 किलोंपर्यंतच चाले. रिकामी मारुती अल्टोसुद्धा याहून जड भरते. अलीकडे ही मर्यादा 760 किलोंपर्यंत वाढवली गेली. या विमानांच्या अंगावर ‘व्हीएच’ ही ऑस्ट्रेलियन नोंदणीची अक्षरे नसतात, आकडे असतात. सुरुवातीला 19 दिसले तर विमान कोणीतरी घरी बांधलेले आहे, 24 दिसले तर कारखान्यातून आलेले. दुसरी वाट कासाच्या ‘रिक्रिएशनल पायलट लायसन्स’ची. ती 1 सप्टेंबर 2014 पासून सुरू झाली. या परवान्यावर 1,500 किलोंपर्यंतचे एक इंजिनाचे विमान चालवता येते.

वैमानिकांच्या गप्पांत सर्वाधिक वेळ खाणारा विषय म्हणजे वैद्यकीय तपासणी. या छंदात निवृत्त माणसे पुष्कळ आहेत. मुले मोठी झाली, घराचे कर्ज फिटले, मग विमान घेतले, अशी अनेकांची वाट असते. नेमक्या त्याच वयात रक्तदाब, साखर, हृदय यांचे अहवाल खराब येऊ लागतात. आरए-ऑसचे वैमानिक खासगी मोटार चालवण्याइतकी आपली तब्येत ठीक असल्याचे स्वतः जाहीर करून उडू शकत होते. कासाचे परवानाधारक मात्र, विमान तितकेच लहान असले तरी, डॉक्टरांच्या दारात उभे असत. हा भेद वर्षानुवर्षे सलत होता. 9 फेब्रुवारी 2024 पासून कासाने ‘क्लास 5’ हा स्वयंघोषणेचा मार्ग खुला केला. 2,000 किलोंपर्यंतचे विमान, आत जास्तीत जास्त दोन माणसे, दिवसाउजेडी, बाहेरचे स्पष्ट दिसत असताना आणि 10,000 फुटांच्या खाली, अशा त्याच्या अटी आहेत. स्वयंघोषणेत खोटेपणाला वाव आहे हा आक्षेप खरा आहे. पण परवाना जाईल या भीतीने डॉक्टरांपासून छातीतली कळ लपवणारा वैमानिक अधिक धोकादायक असतो, आणि जुन्या पद्धतीत त्या भीतीला भरपूर खतपाणी मिळत होते.

विमानाची देखभाल हाही असाच विश्वासाचा मामला आहे. आवश्यक ते शिक्षण घेतलेल्या आरए-ऑसच्या मालकाला आपल्या वापरातल्या विमानाची नेहमीची देखभाल स्वतः करता येते. यामुळे खर्च आवाक्यात राहतो आणि माणसाला आपले यंत्र आतून कळते. क्वीन्सलंडमधील बुंडाबर्ग येथे 1988 मध्ये सुरू झालेल्या जबिरू कंपनीने या वर्गासाठी विमानेही बनवली आणि इंजिनेही. काळ्या मानेच्या करकोच्याला ऑस्ट्रेलियात जबिरू म्हणतात. हा पक्षी भारतातही आढळतो. या इंजिनांत बिघाड वारंवार होत असल्याच्या नोंदींवरून कासाने डिसेंबर 2014 मध्ये त्यांच्या वापरावर बंधने घातली. शिकाऊ वैमानिकांच्या एकट्याच्या उड्डाणावर मर्यादा आल्या, प्रवाशाकडून धोका माहीत असल्याची सही घेणे आले. उड्डाणशाळांचे त्यात मोठे नुकसान झाले. 2016 मध्ये ही बंधने बरीचशी सैल झाली. पुरावा किती भक्कम असला म्हणजे नियामकाने हात घालावा, यावर त्या दीड वर्षात जेवढे भांडण झाले तेवढे क्वचितच झाले असेल.

असे असले तरी बंद पडलेल्या इंजिनापेक्षा ढग अधिक घातक ठरतात. हौशी वैमानिक डोळ्यांनी क्षितिज पाहून उडतो. ते दिसेनासे झाले की आतल्या कानाची संवेदना त्याला फसवते. वळणारे विमान सरळ चालल्यासारखे वाटते, आणि सावरण्याच्या खटपटीत ते खाली घुसते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांवर केलेल्या प्रयोगात ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. ऑस्ट्रेलियातील सुरक्षावर्गांत हा आकडा आजही सांगितला जातो. मेलबर्नच्या उत्तरेला डोंगररांगेतून जाणारी किलमोर गॅप ही खिंड या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. पलीकडे लख्ख ऊन असते आणि खिंडीत ढग टेकलेला असतो. घरी पोचायची घाई असलेला माणूस ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ म्हणतो. मागे वळण्याचा निर्णय लवकर घ्यायला शिकवणे हे तिथल्या प्रशिक्षकांचे सर्वांत अवघड काम असते.

छोट्या विमानतळांवर नियंत्रण मनोरा नसतो. तिथे ठरलेल्या रेडिओ वारंवारितेवर प्रत्येकाने आपले स्थान आणि इरादा बोलून सांगायचा, दुसऱ्याचे ऐकायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, अशी रीत आहे. वेगळी वारंवारिता नेमलेली नसेल तर 126.7 मेगाहर्ट्झ वापरतात. बहुतेक वेळा हे चोख चालते. पण 28 जुलै 2023 रोजी ब्रिस्बेनजवळच्या कॅबूल्चर येथे एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांजवळ एक जबिरू आणि ग्लायडर ओढणारे पायपर पॉनी विमान आदळले, आणि जबिरूतील दोघे मरण पावले. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये व्हिक्टोरियातील मँगलोरजवळ दोन प्रशिक्षण विमाने हवेत धडकून चौघांचा जीव गेला होता. नाव ओळखीचे वाटले तरी हे गाव मेलबर्नच्या उत्तरेला आहे. त्या विमानांचा हौशी उड्डाणाशी संबंध नव्हता, पण ‘पाहा आणि टाळा’ या जुन्या सूत्राच्या मर्यादा सर्वांनाच दिसल्या. आपले स्थान आपोआप प्रसारित करणारे एडीएस-बी उपकरण बसवणाऱ्यांना केंद्र सरकार 2022 पासून निम्मी किंमत, कमाल 5,000 डॉलर, परत देऊ लागले. खिशात मावणारी उपकरणेही आता आहेत. नियमावलीच्या दहा पानांपेक्षा हा खर्च अधिक जीव वाचवील.

आकाश मोठे असले तरी ते सगळे खुले नाही. नुसते आरए-ऑसचे प्रमाणपत्र असलेल्यांना नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्यासाठी कासाचा वेगळा परवाना लागत आला आहे. तो नसेल तर वळसा घालायचा. न्यूकॅसलजवळ विल्यमटाउनचा लष्करी हवाई तळ आहे. त्याचे क्षेत्र चालू असताना किनाऱ्याने सरळ जाता आले नाही, तर आतल्या डोंगराळ भागावरून जावे लागते. तिथे इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नाही. किनाऱ्यावर निदान वाळू तरी असते. सुरक्षेसाठी केलेला नियम वैमानिकाला अधिक धोक्याच्या वाटेवर ढकलतो, ही आरए-ऑसची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

सर्वांत सावकाश, पण सर्वांत खोल जाणारा प्रश्न जमिनीचा आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून केंद्र सरकारने लहान गावांचे विमानतळ स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात दिले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुराबिन, जँडाकॉट यांसारखे आणि 2003 मध्ये बँक्सटाउनसारखे शहराजवळचे विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपन्यांकडे गेले. शहराजवळच्या जमिनीवर हँगरपेक्षा, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडपेक्षा, गोदाम अधिक पैसे देते. सिडनीतील हॉक्स्टन पार्क 2008 मध्ये बंदच झाले. गावाकडच्या कौन्सिलांना धावपट्टीचा खर्च भागवायचा असतो, म्हणून उतरण्याचे शुल्क लागते. कोण उतरले हे ठरवण्यासाठी रेडिओवरील संभाषणाची ध्वनिमुद्रणे वापरली जातात. सुरक्षेसाठी ज्या रेडिओवर मोकळेपणाने बोलायचे, त्याच्यावरूनच बिल येणार असेल तर कोणी तरी गप्प राहील, ही भीती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

इंधनाचेही तसेच. जुन्या सेसना, पायपर विमानांना शिसे मिसळलेले विमानाचे पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस लागते. ते मोजक्या पुरवठादारांकडून येते. 1999 च्या अखेरीस मेलबर्नजवळच्या एका शुद्धीकरण कारखान्यातून दूषित अ‍ॅवगॅस बाहेर पडले आणि पूर्व ऑस्ट्रेलियातील हजारो विमाने जमिनीवर अडकली. नव्या पिढीची रोटॅक्स 912 इंजिने पेट्रोल पंपावरच्या इंधनावरही चालतात. त्यामुळे दूरच्या गावात विमान उतरवून कॅनने पेट्रोल आणणारा वैमानिक आता नवलाचा नाही.

अपघात झाल्यावर ऑस्ट्रेलियन परिवहन सुरक्षा ब्युरो हौशी विमानांच्या प्रकरणांत सहसा स्वतः तपास करत नाही. पोलीस आणि कॉरोनर (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) यांना संघटनेचे जाणकार मदत करतात. स्वयंशासनाच्या रचनेतली ही सर्वांत कच्ची बाजू आहे. ज्या संघटनेने शिकवले, प्रमाणपत्र दिले, तिचेच लोक कारण शोधायला मदत करतात, आणि मृताच्या घरच्यांना त्रयस्थ उत्तर मिळत नाही. हे बदलायला हवे.

इतक्या अडचणी सोसून माणसे का उडतात, हे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात कळते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅना क्रीक या एका गुरांच्या रँचचे क्षेत्रफळ सुमारे 24,000 चौरस किलोमीटर आहे, अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठे. तिथल्या विल्यम क्रीकहून निघून काटी थांडा, म्हणजे लेक एअर या सरोवराच्या खोलगट तळावरून अगदी कमी उंचीने उडताना उंचीमापक समुद्रसपाटीखालचा आकडा दाखवू शकतो. अशा प्रवासात 50 सागरी मैलांपलीकडे जाताना संकटसूचक बीकन जवळ असणे बंधनकारक आहे, आणि पाण्याचा साठा शहाण्या माणसाला कोणी सांगावा लागत नाही. 45 अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, विमान धावपट्टीचा शेवट जवळ आला तरी उचलत नाही. म्हणून माणसे पहाटे निघतात.

पहाटेचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे देशाच्या उत्तरेला कार्पेंटरियाच्या आखाताजवळचे बर्कटाउन हे गाव. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे समुद्राकडून ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचा लाटण्यासारखा गोल, कधीकधी 1,000 किलोमीटर लांबीचा ढग सरकत येतो. 1989 मध्ये दोन ग्लायडर वैमानिक पहिल्यांदा त्याच्या पुढच्या उतारावर स्वार झाले. तेव्हापासून दरवर्षी थोडी माणसे देशाच्या दुसऱ्या टोकाहून तिथे येऊन दिवसचे दिवस थांबतात. पबमधल्या फ्रिजच्या काचेवर रात्री दव धरले की सकाळी ढग येणार, असे गावकरी सांगतात. उजाडायच्या आत मोटार-ग्लायडर उडते, ढगाच्या पुढे जाऊन वैमानिक इंजिन बंद करतो, आणि वर चढणाऱ्या हवेवर टेकून कित्येक मैल त्याच्या सोबतीने जातो.