चारशे वर्षांत एकच फेरी

तास, मिनिटे आणि सेकंद दाखवणे यांत्रिक घड्याळाला फारसे जड जात नाही, कारण ही सगळी मोजमापे दातेरी चाकांच्या नियमित गणितात सहज बसतात. पंचाईत होते ती तारखेपाशी. कुठे ३० दिवस, कुठे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि दर चौथ्या वर्षी २९, हा सारा बेहिशेबी कारभार बॅटरी किंवा चिप यांच्याशिवाय सांभाळणाऱ्या यंत्रणेला 'पर्पेच्युअल कॅलेंडर' म्हणतात. अशी यंत्रणा असलेले पहिले मनगटी घड्याळ जिनिव्हाच्या पाटेक फिलीप कंपनीने १९२५ मध्ये पुरे केले, आणि त्यासाठी वापरलेले यंत्र १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यात अडकवायच्या घड्याळासाठी घडवलेले होते.

या यंत्रणेची स्मरणशक्ती चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या एका चकतीच्या कडेवर कोरलेली असते. या कडेवर ४८ महिन्यांच्या ४८ जागा असतात. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांपाशी कड पूर्ण उंचीची राहते, ३० दिवसांच्या १६ महिन्यांपाशी उथळ खाच असते, तीन फेब्रुवारींना खोल खाच असते आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. रात्री तारीख बदलताना एका तरफेची चोच या कडेला टेकते. ती जितकी खोल उतरते, तितका महिनाअखेरीस तरफेचा पल्ला वाढतो. उथळ खाचेमुळे ३० तारखेनंतर ३१ गाळली जाते, तर सर्वांत खोल खाचेमुळे २८ तारखेचे चाक एकाच रात्रीत चार घरे ओलांडून १ मार्चवर येते. ही सारी करामत मिलिमीटरच्या अंशांत चालते.

एवढे करूनही असे घड्याळ १ मार्च २१०० रोजी चुकेल. सौरवर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असल्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस वाढवणे थोडे जास्तच होते. म्हणून १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेने शतकाच्या वर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप ठरवली. २००० लीप होते. २१००, २२०० आणि २३०० नसतील. हा अपवाद पाळणारी घड्याळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पाटेक फिलीपच्या १९८९ च्या 'कॅलिबर ८९' या खिशातल्या घड्याळात ती सोय होती, आणि स्वेन अँडरसन या घड्याळजीने १९९६ मध्ये ती मनगटावर आणली. अलीकडचे उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनच्या आयडब्ल्यूसी कंपनीचे, २०२४ चे 'पोर्तुगीझर इटर्नल कॅलेंडर'. त्यात ४०० वर्षांत एकच फेरी घेणारे एक चाक आहे, आणि त्याच्या तीन खाचा शतकाची तीन लीप वर्षे वगळतात. कंपनीचा दावा ३९९९ सालापर्यंतचाच आहे, कारण ४०० च्या नियमाने ४००० हे वर्ष लीप येत असले, तरी ते तसे मानायचे की नाही हे अजून अधिकृतपणे ठरलेले नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. हा सावधपणा मला आवडला.

चंद्रकलांबाबत मात्र तसा सावधपणा दिसत नाही. चंद्रकला दाखवणाऱ्या साध्या घड्याळात ५९ दात्यांच्या चाकावर दोन चंद्र रंगवलेले असतात, म्हणजे एक चांद्रमास २९.५ दिवसांचा धरला जातो. प्रत्यक्षात तो सरासरी २९.५३०५९ दिवसांचा आहे. महिन्याला सुमारे ४४ मिनिटांची ही तूट साचत साचत अडीच वर्षांच्या थोडे पुढे एका दिवसाची होते. (आपल्याकडे अधिक मासही साधारण तेवढ्याच अंतराने येतो, पण तो चंद्र आणि सूर्य यांच्या वर्षांतला फरक मिटवण्यासाठी, हा केवळ योगायोग.) आयडब्ल्यूसीने दात्यांच्या अगणित जुळण्या संगणकावर तपासून असे प्रमाण शोधले की एका दिवसाची चूक व्हायला साडेचार कोटी वर्षे लागावीत.

गुणाकार म्हणून हे बरोबर आहे, खगोलशास्त्र म्हणून नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे आणि पृथ्वीचा दिवसही हळूहळू लांबतो आहे, त्यामुळे ज्या २९.५३०५९ शी हे चाक जुळवले, तो आकडाच तितका काळ टिकणार नाही. शिवाय पूर्ण चावी दिलेले हे घड्याळ हातात न घालता ठेवले, तर सात दिवसांत थांबते, आणि मग ४०० वर्षांच्या चाकाच्या मालकालाही तारीख स्वतःच लावून घ्यावी लागते.