सिकोर्स्की एस-38
सिकोर्स्की एस-38 : पाण्यावर व जमिनीवर उतरू शकणारे दोन एंजिनांचे अमेरिकी उभयचर विमान. कीव्ह येथे जन्मलेले व 1919 मध्ये अमेरिकेत आलेले रचनाकार ईगॉर सिकोर्स्की यांच्या कंपनीने ते तयार केले. पहिले उड्डाण 1928 च्या मे-जूनच्या सुमारास झाले असावे. एकूण किती विमाने बांधली गेली, याविषयी एकवाक्यता नाही; तथापि 101 हा आकडा अधिक प्रचलित आहे.

या विमानाचा उल्लेख कधीकधी ‘पहिले यशस्वी उभयचर विमान’ असा केला जातो, तो जपूनच घ्यावा लागतो. ब्रिटनचे व्हिकर्स व्हायकिंग व अमेरिकेतील लोनिंग ही एक एंजिनाची उभयचर विमाने त्यापूर्वीच वापरात होती. खुद्द सिकोर्स्की यांचेही एस-34 व एस-36 हे प्रयत्न आधीचे. सिकोर्स्की यांचे व्यापारी दृष्ट्या यशस्वी झालेले पहिले उभयचर विमान, एवढेच विधान निर्विवाद ठरते. एस-36 ची एंजिने दुबळी होती. एस-38 ला प्रत्येकी 400 ते 420 अश्वशक्तीची प्रॅट अँड व्हिटनी ‘वास्प’ एंजिने मिळाली आणि मूळ फरक पडला तो येथेच.

याची रचना ‘दीडपंखी’ प्रकारची होती. वरचा पंख सुमारे 21.8 मी. लांबीचा, तर खालचा त्याहून बराच आखूड होता व त्याच्या टोकांजवळ तरंडे बसविलेले होते. एंजिने दोन्ही पंखांच्या मधे दांड्यांवर, म्हणजे उसळणाऱ्या पाण्यापासून शक्य तितकी उंच धरलेली होती. नावेसारख्या धडाचा सांगाडा लाकडी व आवरण ॲल्युमिनियम मिश्रधातूचे होते. ते धड शेपटापर्यंत न नेता मागेच आटोपते घेतले होते. शेपूट वरच्या पंखापासून निघणाऱ्या दोन आडव्या दांड्यांनी पेललेले असे. सुटे भाग हवेत एकमेकांशेजारून उडत आहेत, अशी थट्टा त्यामुळेच होई. चाके स्वतंत्रपणे वर-खाली करता येत. पाण्यात एकच चाक खाली सोडून विमान त्या बाजूला झटकन वळविता येई.

साधारण आठ उतारूंच्या या विमानाला मागणी आली, ती मुख्यतः धावपट्ट्या नसलेल्या प्रदेशांतून. पॅन अमेरिकन कंपनीने कॅरिबियन व मध्य अमेरिकेतील टपाल-वाहतुकीसाठी ते वापरले. 4 फेब्रुवारी 1929 रोजी विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी मायामीहून पनामा कालवा क्षेत्राकडे टपाल नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्नेगी संस्थेसाठी त्यांनी पुरातत्त्वज्ञ ए. व्ही. किडर यांच्यासह मध्य अमेरिकेच्या अरण्यातील प्राचीन माया संस्कृतीच्या अवशेषांची हवाई पाहणी केली. 11 नोव्हेंबर 1929 रोजी हवाई बेटांतील नियमित विमानसेवा याच विमानांनी सुरू झाली. अमेरिकी नौदलानेही काही विमाने घेतली. मार्टिन व ओसा जॉन्सन या दांपत्याने 1933-34 मध्ये झेब्र्याचे पट्टे रंगविलेले एस-38 आफ्रिकेत नेऊन वन्यजीवांचे चित्रण केले; हर्बर्ट एफ. जॉन्सन हे उद्योजक 1935 मध्ये कार्नोबा मेणाच्या ताडांच्या शोधात याच प्रकारच्या दुसऱ्या विमानातून ब्राझीलला गेले. 1998 मध्ये त्यांचे पुत्र सॅम जॉन्सन यांनी विमानाची प्रतिकृती बांधवून तो प्रवास पुन्हा केला.