पारसिकचा हिरवा दगड म्हणजे तांबं नव्हे
ठाणे-नवी मुंबईतल्या पारसिक डोंगराचा दगड ज्वालामुखीचा, म्हणून त्यात तांबं-सोनं असणारच, ही समजूत चुकीची आहे. नुसता लाव्हा निवून असे साठे होत नाहीत. ते होण्याची एक रीत अशी: समुद्रतळाखाली ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं खारं पाणी खडकांतले धातू विरघळवून वर आणतं. थंड पाण्याला भिडताच तांब्याचे सल्फाइड (गंधकाशी झालेली संयुगं) साचतात, सोनं त्यांतच अडकतं. पारसिक ज्याचा भाग आहे तो दख्खनचा लाव्हा मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीवर पसरला. त्याच्या पोकळ्यांत भरली झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं. दगडावरचा हिरवा लेप बहुधा सेलाडोनाइट या लोहयुक्त हिरव्या खनिजाचा. तांब्याचा गंज नव्हे.

पिवळा कण चमकला तर? चिनीमातीच्या टाइलच्या खडबडीत पाठीवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची (सोन्यासारखं चमकणारं लोह-गंधकाचं खनिज) हिरवट काळी. हातोडीखाली सोनं चपटं होतं, पायराइटचा चुरा. (सोनाराकडे धावण्याआधी एवढं कराच.)