फुलझाडांची छाटणी (सोलापूर परिसर)

फुलं देणाऱ्या झुडपांच्या फांद्या हंगाम बघून कापणं, शेंडे खुडणं म्हणजे छाटणी. सोलापूरकडं द्राक्षामुळं सिकेटर (छाटणीची कात्री), डोळा (फांदीवरचा फुटायचा कोंब), काडी (वेलीची पिकलेली फांदी) हे शब्द सगळ्यांच्या तोंडात, एप्रिलची खरड (काडी तयार करायची) आणि ऑक्टोबरची गोडी (फळासाठीची) छाटणी पाठ, मग दारातल्या झुडपांनाही तेच वेळापत्रक लावलं जातं आणि तिथंच घोळ होतो, कारण प्रत्येक झाड कळी वेगळ्या वेळी धरतं.

जास्वंद, गुलाब, मोगरा, बोगनवेल नव्या फुटव्यावर फुलतात. अझेलियाचं तसं नाही, त्याची फुलं वसंतात सरली की जी नवी वाढ होते तिच्याच टोकाला उन्हाळा संपता संपता पुढच्या वर्षीच्या कळ्या बसतात, म्हणून फुलं गळाल्या गळाल्या छाटायचं, उशिरा कात्री लावली तर कळ्याच जातात. ते थंड हवेचं, आम्लधर्मी मातीचं झाड. इथल्या चुनखडीच्या काळ्या रानात पानं पिवळी पडतात.

शेंडा मारला की खालचे डोळे का फुटतात यावर मतभेद आहेत. १९३३-३४ च्या सुमारास थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंड्यातलं ऑक्झिन (वाढीचं हार्मोन) डोळ्यांना दाबून ठेवतं असं दाखवलं, पुढं बराच काळ हेच शिकवलं गेलं. पण ते ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही असं दिसल्यावर मधल्या निरोप्याचा शोध सुरू झाला, २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन हे दुसरं हार्मोन पुढं आलं, आणि २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या कामात दिसलं की शेंडा कापल्यावर लांबचे डोळे तिथलं ऑक्झिन घटायच्या आधीच वाढू लागतात, शेंड्याकडं जाणारी साखर त्यांना मिळते म्हणून. सुरुवात साखरेनं, पुढचं हार्मोननं, ही मांडणी जास्त पटते.

गुलाब पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटतात, साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारीच्या आसपास छाटून पाणी सोडायचं. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका; जाड फांदीला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा मोठी छाटणी नकोच, उघडी पडलेली साल भाजते, वाळलेली फुलं तेवढी काढावीत.

जास्वंदीचे पिठ्या ढेकूण लागलेले शेंडे बागेपासून लांब टाकावेत. कण्हेरीचा चीक विषारी, छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, जनावरांपुढंही टाकू नयेत.