मे महिन्यात हुडहुडी भरलेलं इंजिन

काळा धूर दिसला की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं. गेल्या मे महिन्यात हिंगणा रोडवर मीही ते ऐकलं: "काका, गाडी ऑइल खाऊन राहिली. इंजिन खोला लागते."

इंजिन मी खोलू दिलं नाही. ऑइल जळलं तर धूर निळसर येतो. काळा धूर म्हणजे काजळी: पेट्रोल जास्त, हवा कमी. कंदिलाची वात नको तेवढी वर केली की काच काळी होते, तोच प्रकार. १ किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नागपूरच्या मे महिन्यातल्या विरळ हवेत हे १४ हजार लिटरच्या आसपास जातं. तेवढी मिळाली नाही की पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो आणि प्लगवर कोरडी, मखमली काजळी बसते. माझे चारही प्लग काळे होते. एखादा इंजेक्टर गळत असता तर एकच झाला असता.

कार्ब्युरेटरची गाडी असती तर आधी चोक अडकलाय का ते पाहिलं असतं. माझी वीस वर्षांची, पण इंजेक्शनची. तिच्यात पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो, आणि ठरवताना एका थर्मिस्टरचं ऐकतो, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो अशा सेन्सरचं.

हा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला, मँगनीज-निकेलच्या ऑक्साइडांचा भट्टीत भाजलेला मणी. तांब्याची तार तापली की तिच्यातले अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते, रोध वाढतो. मण्याचं उलटं. थंड असताना त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून बसतात. उष्णता मिळाली की या अणूवरून त्या अणूवर उड्या मारतात. रोध घटतो, आणि घटतो तोही घातांकी. नेहमीच्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना जेमतेम ३००. कंप्युटर स्वतःच्या ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो, मण्याच्या वाट्याला किती व्होल्ट आले ते मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो.

आता या तारेत कुठेतरी फुकटचे १,००० ओहम घुसले तर? ३०० चे १,३०० होतात. कंप्युटरच्या हिशेबात इंजिन ३८ अंशांवर. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो जास्तीचं सोडतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल जास्त झालं" असं ओरडत असतो, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन तापेपर्यंत त्याचं ऐकायचंच नाही, असा नियम असतो. तार साफ तुटली असती तर कंप्युटरला अशक्य आकडा दिसून दिवा लागला असता. ३८ मात्र पटण्यासारखा. बिघाडाचा कोड नाही, दिवा नाही.

कंप्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर तोच आकडा होता. बाहेर ४५, तासभर पळालेलं इंजिन ३८! मेकॅनिकने सेन्सर बदलला. आकडा तसाच.

तेवढ्यात शेजारच्या गाडीवाल्याने पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवायला सुचवलं, ॲव्हरेज दुप्पट होतं म्हणे. पेट्रोलचे रेणू चुंबकाला दाद देत नाहीत हो. बंपरची लिंबू-मिरची तरी स्वस्त पडते.

मग मल्टिमीटर काढला. सेन्सरच्या टोकाला रोध बरोबर, कंप्युटरच्या टोकाला हजाराने जास्त. मधलं सॉकेट उघडलं. पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर चढला होता. बारीक पॉलिश पेपरने दोनदा घासला.

"आता ८७ दाखवून राहिला," मेकॅनिक म्हणाला.

ऑइल मात्र बदलावंच लागलं. डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास येत होता.