खळगे, रंग आणि जळगावचा मे महिना

जळगाव-भुसावळकडच्या कितीतरी घरांत लग्नाच्या, बारशाच्या सीडी अजून जपून ठेवलेल्या आहेत. ‘लेझरने कोरलंय, पुसणार कसं?’ हा समज पक्का आहे, पण तो निम्माच खरा आहे. मग आठवणी सीडीवर ठेवायच्या की हार्ड डिस्कवर, ते पाहू.

बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या सीडीवर साच्याने दाबलेले खळगे खरोखर असतात. त्यांचं वाचन मोठं सुंदर आहे. ७८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लेझर चकतीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरला की त्याची तरंगलांबी सुमारे ५०० होते, आणि खळग्याची खोली असते तिच्या जवळपास चौथा भाग. त्यामुळे खळग्यातून परतणारा प्रकाश जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी जास्त चालतो. सपाटीवरून आलेल्या तरंगाच्या शिखरावर त्याची दरी येते, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि संवेदकाला अंधार दिसतो. उजेड-अंधार बदलला की १, बदल नसेल तोवर ०. ब्लू-रे या नंतरच्या प्रकारच्या चकतीचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, भिंगही अधिक ताकदीचं. म्हणून खुणा बारीक होतात आणि सीडीच्या ७०० एमबीच्या जागी तेवढ्याच चकतीवर २५ जीबी मावतात.

संगणकावर ‘राइट’ केलेल्या सीडीत मात्र असे खळगे नसतातच. तिथे सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझरच्या उष्णतेने तो जागोजागी बदलतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. जो रंग लेझरने बदलतो, तो ऊन आणि उष्णतेनेही हळूहळू बदलतोच. वेष्टनावर लिहिलेलं शंभर वर्षांचं आयुष्य हा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून काढलेला अंदाज असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर पत्र्याच्या खोलीत काय होईल, ते त्यात धरलेलं नसतं.

हार्ड डिस्कमध्ये कोबाल्टच्या मिश्रधातूचे कण चुंबकीय दिशेने माहिती धरतात. शुद्ध कोबाल्टचं चुंबकत्व जायला ११०० अंशांहून जास्त तापमान लागतं, तेव्हा आपल्या उन्हाळ्याने ही नोंद पुसत नाही. फ्रिजवरच्या चुंबकाने डिस्क कोरी होते, हीही अफवाच. खरी भीती धक्क्याची. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवरून वाचक-शीर्ष, म्हणजे माहिती वाचणारं टोक, अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं.

म्हणून रोजचं काम आणि फोटो हार्ड डिस्कवरच ठेवा, आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, एरवी बंद करून. सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह घ्यायचा तो जुन्या चकत्या वाचण्यापुरता, यूएसबीला जोडायचा. आणि जुन्या सीडींतलं सगळं हार्ड डिस्कवर उतरवण्याचं काम पुढच्या उन्हाळ्याआधी उरका. उतरवलेली प्रत्येक फाइल उघडून पाहा, मगच सीडी बाजूला काढा.